फिजिओथेरपी शिकायची तर : पांढुर्णा-सौंसरच्या मुलामुलींसाठी काय करावे, काय टाळावे

पांढुर्ण्यात किंवा सौंसरात कुणाला लकवा मारला, अपघातात मांडीचे हाड मोडले किंवा गुडघा बदलायची वेळ आली, की गाडी नागपूरच्या रस्त्याला लागते. पांढुर्ण्याहून शंभरएक किलोमीटर, सौंसरहून त्याहून कमी. सरकारी मेडिकल असो, मेयो असो की खाजगी दवाखाना, तिथे जीव वाचतो, ऑपरेशन नीट होते. काही दिवसांनी सुट्टी मिळते आणि डिस्चार्ज कार्डावर खाली एक ओळ लिहिलेली असते : फिजिओथेरपी सुरू ठेवावी. ती कुणाकडे, किती दिवस, घरी करून कोण घेणार, हे त्या ओळीत नसते आणि गावातही बहुतेकदा सांगणारे कुणी नसते. मग माणूस बाजेवर पडून राहतो. खांदा आखडतो, गुडघा अर्धाच वाकतो, पाठीला जखमा होतात. लाखभर रुपये खर्चून मिळवलेले हातचे जाते.

ऑक्टोबर २०२३मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात आला. या जिल्ह्याला उपचार करणारे हात लागणार आहेत, आणि ते इथल्याच घरांतून आले तर टिकतील. म्हणून बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी ही यादी आहे. ती लिहिताना एकच गोष्ट डोळ्यांपुढे ठेवली आहे : दवाखान्यातून सुटलेला माणूस पुन्हा आपल्या शेतात, आपल्या स्वयंपाकघरात उभा राहिला पाहिजे.

प्रवेश घेण्याआधी

करावे : आधी विभाग बघून या. अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात परवानगी काढून सकाळपासून दुपारपर्यंत बसा. क्रिकेट संघाच्या डगआउटमधला फिजिओ टीव्हीवर दिसतो. विभागात मात्र साठीच्या आजीला खुर्चीतून उठायला शिकवणारी मुलगी दिसेल, आणि तेच उठणे आजी वीस वेळा करताना दिसेल. ते बघून कंटाळा आला तर दुसरी शाखा घ्या. आजी एकविसाव्या वेळी आधाराशिवाय उठली आणि तुम्हाला बरे वाटले, तर फॉर्म भरा.

करावे : नियम ताजे आहेत ना, ते तपासा. २०२१च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने फिजिओथेरपीला देशपातळीवर एका चौकटीत आणले. आधी हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता, म्हणजे चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. २०२५मध्ये आलेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तो पाच वर्षांचा झाला आणि इंटर्नशिप पूर्ण वर्षाची झाली. महाराष्ट्रात या पदवीचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात आणि इतरत्रही कल तिकडेच आहे. तेव्हा 'मला डॉक्टर व्हायचे नाही, नीट कशाला' असे म्हणून फॉर्म सोडू नका. त्या वर्षीची अधिसूचना स्वतः वाचा, शेजारच्या दादाने तीन वर्षांपूर्वी काय केले त्यावर जाऊ नका.

करावे : अधिवासाचा प्रश्न आधी सोडवा. आपल्या भागातली मुले सगळ्यात जास्त इथेच अडकतात. घरात मराठी, सोयरीक काटोल-नरखेड-वरूडला, बाजार नागपूरचा. त्यामुळे नागपूरचे कॉलेज आपलेच वाटते. कागदावर मात्र आपण मध्य प्रदेशचे. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या जागांसाठी तिथला अधिवास लागतो आणि तिथूनच दहावी-बारावी झालेली असावी लागते. कर्नाटक सीमेवरच्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्राने खास सवलत दिली आहे. पांढुर्णा-सौंसर तिच्यात बसत नाही. मध्य प्रदेशचा जातीचा दाखला महाराष्ट्रातल्या आरक्षणाला चालत नाही, हेही लक्षात असू द्या. आपल्यासमोर उरतात मध्य प्रदेशातली कॉलेजे आणि अभिमत विद्यापीठांसारख्या, अधिवास न विचारणाऱ्या जागा. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथले रवी नायर फिजिओथेरपी कॉलेज हे अभिमत विद्यापीठातले उदाहरण. फी जास्त असते. म्हणून शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाची चौकशी प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात नको, आदल्या वर्षी करा.

टाळावे : रुग्णालय नसलेले कॉलेज. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी झाली तेव्हा कितीतरी कॉलेजांकडे पुरेशी इमारत नाही, शिक्षक नाहीत, खाटा नाहीत असे निघाले, आणि मुलांची वर्षे कोर्टाच्या तारखांत गेली. तो प्रकार नर्सिंगचा होता, पण धडा सगळ्यांनी घ्यावा. कॉलेजच्या चकचकीत पुस्तिकेत यंत्रांचे फोटो असतातच. तुम्ही विचारा : रुग्णालय स्वतःचे आहे का? अस्थिरोग, मेंदूविकार, आयसीयू, बालरोग अशा वॉर्डांत विद्यार्थ्यांना पाठवतात का? रोज बाह्यरुग्ण किती येतात? मग अंतिम वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला कॅन्टीनमध्ये गाठून हेच प्रश्न पुन्हा विचारा.

टाळावे : सहा महिन्यांचा 'फिजिओ कोर्स'. त्या कागदावर राज्य परिषदेत नोंदणी होत नाही.

टाळावे : 'एमबीबीएस हुकले म्हणून हे' असे घरात रोज बोलणे. आईवडिलांना हात जोडून सांगणे आहे. मूल पाच वर्षे त्या वाक्याखाली दबून शिकते. नावापुढे 'डॉ.' लावायचे की नाही यावर देशभर वाद चालू आहे. तो परिषदांना आणि न्यायालयांना मिटवू द्या. विद्यार्थ्याने त्यावर एक संध्याकाळही घालवू नये.

कॉलेजात

करावे : शरीररचनेवर पहिले वर्ष खर्च करा, मनापासून. पुढचे सगळे तिच्यावर उभे असते. स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, कोणत्या नसेवर चालतो, हे पाठ करून भागत नाही; कातडीवरून बोटाने शोधता आले पाहिजे. सराव मित्राच्या खांद्यावर करा, आपल्या पोटरीवर करा. सांधा किती अंशात वाकतो ते मोजायचा गोनिओमीटर स्वस्त मिळतो. तो बॅगेत ठेवा आणि सुट्टीत घरी आलात की आजोबांचे गुडघे मोजा. साधारण माणसाचा गुडघा किती वाकतो हे हाताला कळले की बिघडलेला लगेच ओळखू येतो.

करावे : इंग्रजीची भीती पहिल्या सहा महिन्यांत मोडा. आपल्याकडची बरीच मुले हिंदी माध्यमातून येतात, घरी मराठी बोलतात आणि कॉलेजात एकदम इंग्रजी पुस्तक समोर येते. रोज दहा शब्द वहीत लिहा आणि प्रत्येकाचा अर्थ आपल्या आईला समजेल असा शेजारी मांडा. परीक्षेपुरते इंग्रजी त्यातून जमतेच, आणि पुढे रुग्णाला समजावताना तीच वही कामाला येते.

करावे : आयसीयूची पाळी मागून घ्या. फिजिओथेरपी म्हणजे कंबर आणि मान, हा समज फार जुना झाला. भारतात हा व्यवसाय रुजला १९५०च्या दशकात, पोलिओच्या काळात, आणि त्यात मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय आघाडीवर होते. त्याच रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी १९५०मध्ये व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, शाळा सुरू केली. वन्य पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला. आज काम कुठवर पसरले आहे बघा : व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या छातीतला कफ मोकळा करणे, बायपासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाला चालवणे, कमी दिवसांच्या बाळाची हालचाल तपासणे, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजलेला हात उतरवणे, बाळंतिणीचे ओटीपोटाचे स्नायू बळकट करणे, वृद्धाचा तोल सावरणे. कोविडमध्ये रुग्णांना पालथे झोपवून प्राणवायू वाढवण्याचे काम किती मोलाचे होते ते सगळ्यांनी पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये पुनर्वसनाला आरोग्यसेवेच्या मुख्य प्रवाहात आणायची हाक दिली, ती याच कामांसाठी. कॉलेजात असताना या प्रत्येक वॉर्डातून जाऊन या. इथे परत आल्यावर तुमच्या एका खोलीत हे सगळेच रुग्ण येणार आहेत, आणि विचारायला शेजारी वरिष्ठ नसेल.

टाळावे : यंत्रांच्या प्रेमात पडणे. अल्ट्रासाउंड, टेन्स, आयएफटी शिका, चांगले शिका. त्याहून आधी ती कुठे लावायची नाहीत ते शिका. हृदयात पेसमेकर आहे, शरीरात धातूची पट्टी आहे, बाई गरोदर आहे, हे विचारल्याशिवाय बटण दाबू नये. आपल्याकडे रुग्ण येतो तोच म्हणतो, 'मॅडम, मशीन लावून द्या.' दहा मिनिटे मशीन, पैसे, नमस्कार : ही वाट सोपी आहे आणि तिने कुणी फारसे बरे होत नाही. बहुतेक जुनाट दुखण्यांत टिकाऊ फरक पडतो तो व्यायामाने आणि सवयी बदलल्याने. यंत्र लागले तर व्यायाम सुसह्य व्हावा एवढ्यापुरते.

टाळावे : केस-शीटमध्ये न तपासलेले लिहिणे. पुढचा फिजिओ त्या आकड्यावर विश्वास ठेवून रुग्णाला हात लावणार असतो.

रुग्णाजवळ

करावे : लकव्याच्या रुग्णाचा खांदा सगळ्यांपासून वाचवा. ही एक गोष्ट मला या पूर्ण यादीत सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून सविस्तर लिहितो. लकवा झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे हात लुळा असतो. खांद्याचा गोळा जागेवर धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असतात आणि हाताचे वजन त्याला खाली ओढत असते. अशात घरचे लोक प्रेमाने त्याला उठवतात, ते नेमके त्याच हाताला धरून किंवा बगलेत हात घालून. खांदा खाली सरकतो, दुखायला लागतो, आणि मग रुग्ण व्यायामालाच हात लावू देत नाही.

उठवायचे कसे ते करून दाखवा. रुग्ण उताणा असेल तर दोन्ही गुडघे वाकवा. कुशीवर वळवा, पण ओढायचे हाताला नाही. एक हात खांद्याच्या मागच्या फऱ्यावर आणि दुसरा कमरेवर ठेवून वळवा. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी फऱ्याखालून आधार देत वर घ्या. बसल्यावर लुळ्या हाताखाली उशी द्या, तो मांडीवरून लोंबू देऊ नका. झोपताना दर दोन तासांनी कूस बदला. लुळ्या बाजूवर झोपवले तरी चालते. फक्त त्या बाजूचा फरा थोडा पुढे ओढलेला असावा, खांदा अंगाखाली चेपलेला नसावा. हे सुनेला, मुलाला आणि रात्री थांबणाऱ्या भाच्यालाही शिकवा, आणि तुमच्यासमोर त्यांच्याकडून करून घ्या.

टाळावे : झोळ पडलेली बाज. विणलेली बाज मध्ये खचते, कंबर आणि गुडघे वाकलेले राहतात, कूस बदलता येत नाही, उठताना आधार मिळत नाही. बाजेवर जाड फळी टाका किंवा पलंग आणा. पलंग बुटका असेल तर पायांखाली विटा लावून इतका उंच करा की बसल्यावर पाऊल जमिनीवर पूर्ण टेकेल आणि मांड्या जमिनीला समांतर राहतील.

टाळावे : गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गुडघ्याखाली उशी. बरे वाटते म्हणून सगळेच ठेवतात आणि गुडघा वाकलेला तो वाकलेलाच राहतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली द्या, म्हणजे गुडघा आपोआप सरळ होत जाईल. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची आधीच आणायला सांगा. सुट्टी मिळाल्यावर घरी पहिली अडचण तिथेच येते आणि विचारायला लाज वाटते.

करावे : सिकलसेलचे विचारा, प्रत्येक तरुण रुग्णाला. विदर्भात आणि आपल्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. १ जुलै २०२३ला शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, तेव्हापासून तपासणी वाढली, कार्डे मिळाली. फिजिओसाठी यात दोन गोष्टी आहेत. पहिली : विशी-पंचविशीतला मुलगा जांघेत दुखते म्हणून लंगडत आला, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी पडून हाड खराब होत असू शकते. 'लचक भरली' म्हणून सोडू नका, एक्स-रे आणि डॉक्टरांकडे पाठवा. दुसरी : या रुग्णाला बर्फ लावू नका. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि वेदनेचा झटका येऊ शकतो. दम लागेपर्यंत व्यायाम नको, मध्ये मध्ये पाणी प्यायला द्या.

टाळावे : मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला गरम पिशवी. पाय भाजतो आणि रुग्णाला कळतही नाही. शेक देण्याआधी कापूस आणि कोमट-गार पाण्याने संवेदना तपासा. नसेल तर शेक नाही.

करावे : दुखणे रुग्णाच्या शब्दांत ऐका. चमक निघते, कळ लागते, ठणकते, मुंग्या येतात, अंग बधिर होते, पाय जड पडतो : यातले प्रत्येक वेगळे काही सांगते. मुंग्या आणि बधिरपणा असेल तर नस तपासा. रात्री झोपू न देणारी ठणक, त्यासोबत बारीक ताप आणि वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा आणखी काही गंभीर असू शकते. कंबरदुखीच्या रुग्णाला लघवी-संडासवर ताबा राहत नसेल किंवा बसायच्या जागी संवेदना नसेल, तर व्यायाम नाही, शेक नाही, त्याच दिवशी नागपूर. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर मालिश अजिबात नको; आत रक्ताची गाठ असू शकते.

इथे मराठीसोबत हिंदी, पवारी आणि काही गावांत गोंडीही ऐकू येते. रुग्ण ज्या बोलीत घरी कण्हतो त्या बोलीतले दुखण्याचे शब्द जमवा.

टाळावे : हाडवैद्याला रुग्णासमोर नावे ठेवणे. लोक त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत. तुम्ही हसलात तर पुढच्या वेळी सांगणारच नाहीत. नेमका धोका सांगा. बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या आणि बोटे निळी-थंड पडली, दुखणे वाढतच गेले, बोट सरळ करताना ओरडायला झाले, तर बंध ताबडतोब सोडून दवाखाना गाठायचा. काही तासांत आतला स्नायू मरतो आणि पंजा कायमचा वाकडा होतो. तसेच कोपराला मार लागल्यावर जोरात मालिश किंवा ओढाताण नको; स्नायूत हाड धरते आणि कोपर जाम होतो. एवढ्या दोन गोष्टी हाडवैद्याला स्वतः भेटून, आदराने सांगता आल्या तर फार उत्तम.

टाळावे : श्रद्धेशी भांडण. आजारी माणसाला घेऊन लोक जामसावळीच्या हनुमानाला जातात. जाऊ द्या. तिथे मुक्काम असेल तर कोणते व्यायाम तिथेही करायचे ते कागदावर लिहून द्या आणि परत यायची तारीख घालून द्या.

करावे : तीन व्यायाम द्या. दहा दिले तर एकही होत नाही. ते तीनही दिवसाच्या कामाला बांधा : चहाआधी, दुपारच्या जेवणाआधी, झोपण्याआधी. पुढच्या भेटीला 'केले का' असे विचारू नका, 'करून दाखवा' म्हणा.

करावे : बाईला तपासताना तिची परवानगी आणि पडदा. विद्यार्थी मुलगा असेल तर सोबत बाई असावी. विद्यार्थिनी घरभेटीला जात असेल तर घरातले माणूस खोलीत असावे आणि आपण कुठे आहोत हे दवाखान्यात कुणाला तरी माहीत असावे. यात संकोच कसलाच नाही.

करावे : बाळांकडे लवकर बघा. जन्मतः उशिरा रडलेले बाळ चौथा महिना सरला तरी मान धरत नसेल, नववा महिना आला तरी बसत नसेल, मुठी सारख्या आवळलेल्या असतील, तर 'आमच्या घरात सगळे उशिराच बसतात' हे उत्तर मान्य करू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून चालू आहे. त्यात अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर लवकर उपचार केंद्राची सोय धरली आहे आणि तिथे फिजिओथेरपिस्टची जागा असते. अंगणवाडी ताई आणि आशा ताईंशी ओळख ठेवा. बाळ पहिल्या वर्षात आले तर बरेच काही करता येते. तीन वर्षांनी आले तर पायांचे स्नायू आखडून गेलेले असतात.

गावी काम सुरू करताना

करावे : शेतीच्या वेळापत्रकावर उपचार बसवा. आंबिया बहाराचा संत्रा निघतो तेव्हा आणि कापूस वेचणीच्या दिवसांत रोज दवाखान्यात या म्हटले तर कुणी येणार नाही. हंगामाआधी महिनाभर गाठ घ्या. संत्र्याचे भरलेले कॅरेट उचलताना ते अंगाजवळ धरायचे, गुडघ्यांतून वाकायचे, वळायचे असेल तर कंबर पिळायची नाही, पाय वळवायचे. फवारणीचा पंप दोन्ही खांद्यांवर, पट्टे सारख्या लांबीचे. भरलेला पंप जमिनीवरून पाठीवर घेऊ नये, बांधावर किंवा ओट्यावर ठेवून तिथून घ्यावा. वेचणीवाल्या बायांनी ओटी जड होईपर्यंत वाट न बघता मध्येच रिकामी करावी. शक्य तर बांधावर जाऊन हे दाखवा. बोरगावच्या कारखान्यांत पाळीने उभे राहणाऱ्यांच्या टाचा आणि कंबर हाही असाच विषय आहे. तिथे पाळी सुटायच्या वेळी जा.

करावे : गोटमारीच्या दिवसांची तयारी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगावची माणसे दगड घेऊन समोरासमोर येतात, दरवर्षी शेकडो जण जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासन वैद्यकीय शिबिरे लावते. शिकलेल्या मुलाने पात्रात दगड घेऊन उभे राहू नये, एवढे मी स्पष्ट म्हणतो. परंपरेचा मान गोटमारीच्या झेंड्याला आणि चंडीमातेला हात जोडूनही राखता येतो. शिबिरात स्वयंसेवक म्हणून नाव द्या. आणि पुढच्या दोन महिन्यांत ज्यांचे प्लास्टर निघेल त्यांना गाठा. टाके भरले, हाड जुळले की लोक उपचार संपला समजतात; आखडलेली बोटे आणि मनगट मोकळे करायचे काम तेव्हाच सुरू होते.

करावे : कागदपत्रांत मदत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे, त्यात सिकलसेलही आहे. बऱ्याच घरांना हे माहीतच नाही. दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज कसा करायचा ते शिकून घ्या आणि ती पद्धत लिहून भिंतीवर लावा.

करावे : सर्जनला चिठ्ठी लिहा. गुडघा किती अंश वाकतो, जखम कशी आहे, रुग्ण किती चालतो, तीन ओळी पुरेत. पुढच्या तपासणीला जाताना रुग्णाजवळ द्या. नागपूरच्या डॉक्टरला पांढुर्ण्यातला फिजिओ माहीत झाला की पुढच्या डिस्चार्ज कार्डावर तो नावानिशी पाठवतो.

टाळावे : कमिशन. देणेही नाही, घेणेही नाही. तो पैसा शेवटी बाजेवर पडलेल्या माणसाच्या खिशातून जातो.

टाळावे : 'पंधरा दिवसांत चालता करतो' असे वचन. लकव्यात सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते, नंतर हळूहळू होत राहते, आणि प्रत्येकात वेगळी. पहिल्या दिवशी मोजमाप लिहा, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा आणि घरच्यांना आकडे दाखवा. सुधारणा होत नसेल तर तेही सांगा आणि दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यायला पाठवा.

टाळावे : परदेशाचा विचार शेवटच्या वर्षावर टाकणे. इंग्लंडमध्ये तिथल्या नियामक मंडळाची नोंदणी लागते. अमेरिकेत पदवीची तुलना होऊन वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि आपली पदवी त्या तुलनेत कमी पडू शकते. जायचेच असेल तर दुसऱ्या वर्षीच चौकशी करा. इथे राहायचे असेल तरी सुरुवातीचा पगार थोडा असतो हे घरी आधी सांगून ठेवा, म्हणजे पहिल्याच वर्षी घाईने दुसरे काही धरावे लागणार नाही.

करावे : काठीची उंची मोजून द्या. रुग्ण चपला घालून सरळ उभा, हात खाली सोडलेला. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतो. वॉकरचेही तेच. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात द्यायची आणि तो पाय पडेल तेव्हाच ती टेकायची. खाली रबरी टोपी हवी, झिजली की बदलायची. आजोबांची जुनी काठी वारसाने आलेली असते, ती बहुधा लांब पडते; घरच्यांना विचारून कापून घ्या.